बत्तीस सेंटचा हिशेब

आजींच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी नजर सगळ्यात आधी धोट्यावर गेली. शोकेसमध्ये, नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध, जुना लाकडी धोटा, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधला खड्डा हाताळून हाताळून काळा आणि गुळगुळीत झालेला. मी इचलकरंजीची. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच मागाचा कारखाना होता, आमचा नव्हे, मालकाचा, बाबा तिथे माग चालवायचे आणि आई कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायची. मागाच्या खटखटीत झोपायची आम्हाला इतकी सवय की रात्री लाईट गेली आणि माग थांबले की सगळी पोरं जागी व्हायची. आणि इथे, मॅसॅच्युसेट्समध्ये, सोसायटीच्या शेजारणीकडे सहज कॉफीला गेले तर समोर धोटा.

मी विचारलं, हा तुमच्याकडे कसा? तर त्यांनी मलाच उलट विचारलं, तुला माहितीये हे काय आहे? मी काही बोलले नाही. धोटा हातात घेतला, बाजूच्या बारीक भोकाला तोंड लावलं आणि श्वास आत ओढून दाखवला. नवीन कांडी बसवली की धागा असा तोंडाने ओढून घ्यायचा असतो, आमच्या गल्लीत सगळेच असं करायचे. आजी उभ्या होत्या त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, माझी बाब्ची अगदी अशीच करून दाखवायची.

बाब्ची म्हणजे पोलिशमध्ये आजी. म्हणजे ही आजींची आजी. आजींना मी आजी म्हणते कारण ऐंशी ओलांडलेल्या बाईला नावाने हाक मारणं माझ्याच्याने होत नाही, इथे सगळे मारतात तरी. त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला, मी सांगितला, तेव्हापासून त्या फोनवर स्वतःच "आजी बोलतेय" म्हणतात. त्या दिवसापासून आमचं जे जमलं ते जमलं. आणि त्यांच्या बाब्चीची गोष्ट मी इतक्या वेळा आणि इतक्या तुकड्यांत ऐकली आहे की आता ती कुठे सुरू होते हेच मला कळत नाही, तर मी आपली मला जिथून आवडते तिथून सांगते.

बाब्ची १९०७ मध्ये आली, सोळा वर्षांची असताना, गॅलिशियातल्या एका खेड्यातून. गॅलिशिया म्हणजे आजच्या पोलंडचा दक्षिणेचा आणि युक्रेनचा पश्चिमेचा भाग, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात. पोलंड नावाचा देशच तेव्हा नकाशावर नव्हता. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने शेवटचे लचके तोडले ते थेट १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं. त्यामुळे बाब्चीच्या बोटीच्या कागदावर देश ऑस्ट्रिया लिहिलाय आणि बाब्ची आयुष्यभर त्या कागदावर चिडून होती. गॅलिशियाची गरिबी युरोपभर प्रसिद्ध होती, जमिनीचे वाटे पडून पडून एकेकाला चिंधीएवढे तुकडे राहिलेले, आणि तिथून निघणाऱ्या माणसाला कुठे चाललास विचारलं तर ठरलेलं उत्तर असायचं, "झा ख्लेबेम", पावासाठी. आपल्याकडे पोट भरायला चाललो म्हणतात ना, अगदी तसंच.

तिकीट मामाने पाठवलं होतं. या आगाऊ पैसे भरलेल्या बोटीच्या तिकिटाला पोलिश लोक शिफकार्ता म्हणायचे. एक जण आधी जायचा, दोनेक वर्षं राबायचा, शिफकार्ता पाठवायचा, मग भाऊ, मग बहीण, मग गावातली अर्धी पोरं. घाटावरची माणसं गिरणगावात अशीच गेली, गाववाल्याच्या मागून गाववाला, फक्त मधे महासागर नव्हता.

आणि येऊन पोचली ती लॉरेन्सला. बॉस्टनच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, मेरिमॅक नदीकाठी. हे गाव वाढत वाढत शहर झालेलं नाही. बॉस्टनच्या पैसेवाल्यांनी १८४५ मध्ये कंपनी काढली, नदीला दगडी धरण घातलं, ते १८४८ मध्ये पुरं झालं, दोन्ही काठांना कालवे खणले आणि त्या पाण्याच्या जोरावर गिरण्या उभ्या केल्या. म्हणजे आधी गिरण्या आणि मग त्यात राबायला माणसं आणायची, असा क्रम. आयरिश आले, इंग्रज आले, कॅनडातले फ्रेंच, जर्मन, मग इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन. १९१० ला वस्ती सुमारे ८६ हजार होती आणि गिरणीच्या एकेका खात्यात पाच-पाच भाषा. खरं तर मागांच्या आवाजात कुठलीच भाषा ऐकू येत नाही. आजी म्हणतात बाब्ची म्हातारपणीसुद्धा समोरच्याच्या ओठांकडे बघूनच बोलायची. माझे बाबा अजून ओरडूनच बोलतात, इथे आले होते तेव्हा फोनवर त्यांचा आवाज ऐकून शेजारच्यांना वाटलं भांडण चाललंय.

बाब्चीला एव्हरेट मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळालं. सुताची गिरणी. दोन वर्षांत लग्न झालं, मामाच्याच खोलीत राहणाऱ्या गावाकडच्या पोराशी, तो लोकरीच्या गिरणीत, वुड मिलमध्ये. ही वुड मिल १९०६ मध्ये बांधली, तिची इमारत अर्ध्या किलोमीटरहून लांब आहे, आजही उभी आहे, गाडीने तिच्या बाजूने जाताना खिडक्या संपतच नाहीत.

घर म्हणजे लाकडी चाळीतल्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्या चाळी चार-चार मजली आणि इतक्या खेटून की लॉरेन्सच्या घरांची तेव्हा जी पाहणी झाली तिच्यात लोक खिडकीतून हात काढून शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर आपली भांडी टांगतात असं नोंदलं आहे. त्या दोन खोल्यांत नवरा-बायको, एक मूल, बाब्चीची मोठी बहीण आणि सहा बोर्टनिक. बोर्टनिक म्हणजे बोर्डर, पैसे देऊन राहणारा गडी. इंग्रजी शब्द पोलिश करून घ्यायची त्यांची एक तऱ्हाच होती. स्टोअरचा झाला श्टोर, शॉपचा म्हणजे कारखान्याचा झाला शापा. आपण टेबल-टेबलं, बस-बशी करून घेतलं तसंच की.

आता मला ज्याच्याबद्दल खरं बोलायचंय ते म्हणजे वही. धोट्याशेजारच्या खणात आजींकडे बाब्चीची एक वही आहे, पुठ्ठ्याची, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. आत शिसपेनीने रकाने. सहा बोर्टनिकांचे सहा रकाने. झोपायचे, धुण्याचे आणि शिजवून द्यायचे पैसे ठरलेले, पण ज्याचा त्याचा किराणा ज्याच्या त्याच्या नावावर. एक बटाटे जास्त खाणारा, एक मटणाशिवाय न जेवणारा, एक गावी पैसे पाठवायचे म्हणून आठवडाभर कोबी आणि काळा पाव खाणारा. सगळ्यांचं मटण एकाच मोठ्या पातेल्यात शिजायचं कारण चूल एकच, मग कुणाचा तुकडा कोणता हे कसं ओळखायचं? तर बाब्ची गिरणीतल्या चिंध्यांतून रंगीत धागे उपसून आणायची आणि प्रत्येकाच्या तुकड्याला त्याच्या रंगाचा धागा बांधून पातेल्यात सोडायची. निळा अमक्याचा, लाल तमक्याचा. नवऱ्याचा पांढरा. आजींना लहानपणी हे इतकं आवडायचं की त्या बाब्चीला पुन्हा पुन्हा विचारायच्या, आणि तुझा कुठला धागा होता? बाब्ची म्हणायची, मी रस्सा खायचे.

ही सगळी कामं गिरणीतल्या कामाव्यतिरिक्त. पहाटे चारला उठून चूल, डबे, मग गिरणी, संध्याकाळी घरी आलं की सहा गड्यांची जेवणं, शनिवारी रात्री त्यांचे कपडे. मोठी बहीण दिवसा मूल बघायची आणि धुणं भिजवून ठेवायची. आणि झोपायच्या आधी वही. आजी म्हणतात, आमच्या घराण्यात कर्ता पुरुष म्हणून आजोबांचा फोटो लावलाय भिंतीवर, पण घर चाललं ते या रकान्यांवर. त्या स्वतः पुढे चाळीस वर्षं बँकेच्या काउंटरवर होत्या, हिशेबाला पक्क्या, आणि त्या म्हणतात की बाब्चीच्या अख्ख्या वहीत बेरजेची एक चूक नाही, मी सगळी तपासलीये.

आता बत्तीस सेंट.

मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला की बायका आणि मुलं यांच्याकडून आठवड्याला ५६ ऐवजी ५४ तासच काम घ्यायचं. लागू १ जानेवारी १९१२ पासून. कायदा चांगलाच. पण मालकांनी काय केलं, तास कमी तर पगारही कमी, आणि दुसरीकडे मागांचा वेग वाढवून ठेवलेला, म्हणजे कापड तेवढंच निघणार. लॉरेन्समध्ये तेव्हा गिरणी कामगाराला सरासरी आठवड्याला पावणेनऊ डॉलर मिळायचे, बायकांना त्याहून कमी. दोन तासांचे साधारण बत्तीस सेंट होतात. हा आकडा त्या संपाच्या प्रत्येक हकिकतीत येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की बत्तीस सेंटसाठी एवढं?

११ जानेवारी, गुरुवार. एव्हरेट मिलमध्ये पगाराची पाकिटं वाटली. आजी सांगतात ते असं, की बाब्चीने पाकीट उघडायच्या आधी हातात नुसतं तोललं. नाण्यांचं वजन तिला कळायचं. मग उघडून मोजलं. शेजारच्या साच्यावरच्या बाईने मोजलं. पुन्हा मोजलं. आणि मग पोलिश बायकांनी आपापले साचे बंद केले. हे शेवटचं इतिहासात नोंदलेलं आहे, लॉरेन्सच्या त्या मोठ्या संपाची सुरुवात एव्हरेट मिलमधल्या पोलिश बायकांनी केली. "पगार कमी! पगार कमी!" असं ओरडत त्या बाहेर पडल्या. मॅनेजर समजावत होता, तास कमी झालेत, हिशेब बरोबर आहे. पण तो ज्या हिशेबाबद्दल बोलत होता तो वेगळा होता आणि या बायका ज्या वह्या लिहीत होत्या त्या वेगळ्या होत्या. आजींच्या घरात त्या बत्तीस सेंटला चार पाव म्हणतात. अजूनही. कुणी पैसे उडवले की आजी मुलाला म्हणतात, हे किती पाव झाले?

मी कुठेतरी वाचलं होतं की संप पुढाऱ्यांनी पेटवला, बाहेरून आलेल्यांनी चिथावलं. तेव्हाचे पेपर असंच लिहीत होते. मला ते कधीच पटलं नाही. ज्या बाईला पातेल्यातल्या प्रत्येक तुकड्याचा धनी माहीत आहे तिला पाकिटात काय कमी आहे हे सांगायला बाहेरून कुणी यावं लागतं का? पुढारी नंतर आले, आले ते बरंच झालं, जोसेफ एटर नावाचा सव्वीस वर्षांचा माणूस आला आणि त्याने ज्या ज्या भाषेचे लोक होते त्या त्या भाषेचे प्रतिनिधी घेऊन कमिटी केली, प्रत्येक भाषण पाच-सात भाषांत सांगितलं जायचं. पण साचे थांबवले ते बायकांनी, आपण होऊन, गुरुवारी.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या गिरण्यांत पगार होता. तिथेही तेच. लोक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात धावत गेले, पट्टे कापले, साचे बंद पाडले. थोड्याच दिवसांत वीस हजारांहून जास्त लोक बाहेर. लॉरेन्सची थंडी मला माहिती आहे, जानेवारीत इथे नाकातला श्वास गोठल्यासारखा वाटतो, आणि त्यात ही माणसं रोज सकाळी गिरण्यांभोवती चालायची, कारण दारात उभं राहिलं तर पोलीस धरायचे, म्हणून थांबायचंच नाही, हातात हात घालून हजारो लोकांची साखळी गिरण्यांना फेऱ्या घालत राहायची. बाब्ची दीड वर्षाच्या पोराला शालीत बांधून चालायची. नवऱ्याला म्हणायची तू मागे राहा, पोलीस पुरुषाला आधी मारतात.

मारलंच. २९ जानेवारीला अ‍ॅना लोपिझो नावाची इटालियन बाई गोळी लागून मेली, आणि खुनाचा आळ त्या जागी नसलेल्या एटर आणि त्याचा सहकारी जिओव्हानिट्टी यांच्यावर घातला. दुसऱ्या दिवशी जॉन रॅमी, सीरियन पोरगा, संगिनीच्या जखमेने गेला. एटर आणि जिओव्हानिट्टी नोव्हेंबरमध्ये निर्दोष सुटले, तोवर तुरुंगात.

फेब्रुवारीत घरातलं सगळं संपलं तेव्हा कमिटीने ठरवलं की मुलांना दुसऱ्या शहरांत कामगारांच्याच घरी पाठवायचं, निदान खायला तरी मिळेल. १० फेब्रुवारीला ११९ मुलं न्यूयॉर्कला गेली. त्यांच्याबरोबर मार्गारेट सँगर होती, तेव्हा नर्स, पुढे संततिनियमनाच्या कामामुळे जगभर नाव झालं, हीच १९३५ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आली होती. वॉशिंग्टनला चौकशी झाली तेव्हा तिने साक्ष दिली की त्या ११९ मुलांत अंगात आतले कपडे होते ते चौघांच्या. आणि लोकर तर कुणाच्याच अंगावर नव्हती. जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकरीच्या गिरण्यांतल्यांची पोरं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आमच्या गल्लीत तागेच्या तागे कापड रोज ट्रकमध्ये चढायचं आणि मला दिवाळीला एक फ्रॉक मिळायचा, तोही एक साईज मोठा, पुढच्या वर्षी चालावा म्हणून.

२४ फेब्रुवारीला पुढची मुलं निघाली तर पोलिसांनी स्टेशनवरच आया आणि मुलं यांना बडवलं, ओढून गाड्यांत घातलं. बाब्चीने आपलं पोर पाठवलं नव्हतं, फारच लहान होतं, पण तिची मैत्रीण होती तिथे. त्या मैत्रिणीच्या कानामागे वळ होता तो शेवटपर्यंत. या एका दिवसाने सगळा देश हलला आणि वॉशिंग्टनमध्ये चौकशी बसली.

त्या चौकशीत कॅमेला टिओली नावाची इटालियन मुलगी बोलली, चौदा वर्षांची. तिचे केस यंत्रात अडकून डोक्याची कातडीच निघाली होती, सात महिने दवाखान्यात होती. वय खोटं दाखवून तिला कामाला लावलं होतं. राष्ट्राध्यक्षांची पत्नी समोर बसून ऐकत होती. सगळ्या पेपरांत नाव आलं. आणि याच्या पुढची गोष्ट मला झोपू देत नाही. साठ-पासष्ट वर्षांनी एक पत्रकार तिच्या मुलीला भेटायला गेला, कॅमेला तोवर वारली होती, तर मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलंच नाही. मुलगी रोज आईचा अंबाडा घालून द्यायची, डोक्यावरची टक्कल पडलेली जागा झाकली जाईल असा, आणि ती जागा कशाने झाली हे तिला नीट माहीत नव्हतं.

संप जिंकले होते ते लोक. १४ मार्चला संपला, पगारवाढ मिळाली, ज्यांचा पगार सगळ्यात कमी त्यांना टक्केवारीने सगळ्यात जास्त, आणि न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातल्या, इतर गिरण्यांनाही पगार वाढवावे लागले. तरी पुढची साठ-सत्तर वर्षं शहर त्याबद्दल गप्प होतं. संपवाले देव न मानणारे, देशद्रोही, असा मोर्चा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघाला, झेंडे घेऊन. चर्चमध्ये ऐकावं लागलं. मुलं शाळेत अमेरिकन व्हायला लागली होती, त्यांना कशाला त्रास. आजींच्या आईला, १९१३ चा जन्म, बाब्चीने एक अक्षर सांगितलं नाही. आजींना सांगितलं, नातीला, तेही १९५० नंतर, गिरण्या बंद पडायला लागल्या तेव्हा. मुलीला नाही, नातीला. हे मला फार कळतं. माझ्या आईनेही तिच्या बोटांचं काय झालं ते मला कधी सांगितलं नाही, माझ्या मुलाला सांगितलं, व्हिडिओ कॉलवर, त्याने सहज विचारलं म्हणून.

गिरण्यांचं पुढे जे सगळीकडे झालं तेच झालं. दक्षिणेत मजुरी स्वस्त, काम तिकडे गेलं, युद्धाच्या ऑर्डरींनी थोडी वर्षं धुगधुगी राहिली आणि पन्नासच्या दशकात वुड मिलची मालक कंपनी अमेरिकन वूलनने लॉरेन्समधलं काम गुंडाळलं. आजींच्या आईची नोकरी तेव्हा गेली. आयर मिलच्या टॉवरवर मोठं घड्याळ आहे, त्याची तबकडी लंडनच्या बिग बेनपेक्षा फक्त सहा इंचांनी लहान, तेही बंद पडलं ते १९९१ मध्ये लोकांनी वर्गणी काढून पुन्हा सुरू केलं. आता त्याखालून जाताना सगळीकडे स्पॅनिश ऐकू येतं, डॉमिनिकन लोक आहेत, प्वेर्तो रिकोचे आहेत, बेकरीत गेलं की तिथली बाई पाव बांधून देताना स्पॅनिशमध्येच "मुली" म्हणते. पोलिश घरं थोडी उरली. आजी त्यांच्याबद्दल कुरकुरत नाहीत. त्यांच्या वयाचे बरेच जण कुरकुरतात, गाव बदललं म्हणून. आजी म्हणतात, आमच्या बाब्चीबद्दल आयरिश लोक हेच म्हणायचे.

२४ डिसेंबरला त्यांच्याकडे विगिलिया असतं, नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. गेली पाच वर्षं आम्ही जातो. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायचं नाही, आमची संकष्टी सोडल्यासारखं, माझा मुलगा खिडकीला नाक लावून बसतो. टेबलक्लॉथखाली थोडं गवत पसरतात. मटण नसतं त्या दिवशी, त्यामुळे मला सोपं, मी फक्त मासे सोडते. आणि एक ताट जास्तीचं मांडतात, कुणी वाट चुकलेला आला तर. आधी ओप्वातेक नावाची पातळ पांढरी पापडीसारखी वडी हातात घेऊन प्रत्येकाने प्रत्येकाचा तुकडा मोडायचा आणि समोरच्याला काही चांगलं चिंतायचं. पहिल्या वर्षी मला इंग्रजीत काय बोलावं सुचेना, मी मराठीतच बोलले, उदंड आयुष्य मिळो. आजींनी मान हलवली, कळल्यासारखी.

त्यांची पिरोगी मला बनवता येतात आता. मैद्याची पारी, आत कोबी आणि वाळलेल्या मशरूमचं सारण, अर्धचंद्र करून उकडायची. म्हणजे तिखटामिठाचे कडबूच. आजी कड काट्याने दाबतात. मी पहिल्यांदा सवयीने मुरड घातली, त्या हातातलं सोडून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बाब्ची अशीच घालायची, आईने काट्याने सुरू केलं, काट्याने पटकन होतं. मग मी त्यांचा हात धरून त्यांना मुरड शिकवली. त्यांचीच मुरड त्यांना. बोटं संधिवाताने वाकडी झालीत, पण चौथ्या-पाचव्याला बरोबर जमली.

एकदा मी त्यांना वळिवड्याचं सांगितलं. कोल्हापूरच्या शेजारी, आमच्या गावापासून तासाभरावर. दुसऱ्या महायुद्धात रशियात हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ तिथे कँपात राहिली, माझे आजोबा तिथे भाजी घालायला जायचे. आजींना हे खरंच वाटेना. त्यांनी मला नकाशा उघडायला लावला, वळिवडे, कोल्हापूर, इचलकरंजी, बोटाने अंतर मोजलं. मग विचारलं, तुझे आजोबा भाजीचे पैसे घ्यायचे का? म्हटलं घ्यायचे, गरीब होते. "योग्य आहे," म्हणाल्या.

मागच्या महिन्यात त्यांची नजर आणखी कमी झाली. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, १९१२ ची पानं वाच. मला पोलिश येत नाही पण आकडे येतात. ११ जानेवारीच्या नंतरच्या आठवड्यांत सहाही रकाने चालू आहेत. राहायचे, धुण्याचे, बटाटे, पाव. बोर्टनिकांकडे संपात पैसे नव्हतेच, कमिटीच्या लंगरातून जे मिळेल ते, बाकी बाब्ची कुठून तरी आणायची आणि लिहून ठेवायची. नऊ आठवडे. एप्रिलपासून एकेक रकाना फिटत गेलाय, प्रत्येक फिटल्या रकमेवर आडवी रेघ. पाच रकान्यांवर रेघा आहेत. सहाव्यावर नाही. निळा धागावाला. आजी म्हणाल्या, तो मे महिन्यात गेला, छातीच्या दुखण्याने, चोवीस वर्षांचा होता. लॉरेन्सच्या एका डॉक्टर बाईंनी तेव्हा मोजून लिहिलं होतं, गिरणीत काम करणाऱ्या शंभरातले छत्तीस पंचविशीच्या आत जातात. तो त्या छत्तिसातला. बाब्चीने त्याच्या रकान्याची बेरीज केलेली आहे, खाली दोन रेघा मारलेल्या आहेत, पण खोडलं नाही आणि माफही लिहिलं नाही. आजींनी मला ती बेरीज पुन्हा करायला सांगितली. मी केली. बरोबर होती.

घरी आले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळ. आईला फोन लावला. म्हटलं आई, तू कांड्या भरायचीस तेव्हा दर काय होता गं, मालकाने एकदा कमी केला होता ना? मला वाटलं आठवून सांगेल. ती थांबलीसुद्धा नाही. आधीचा दर सांगितला, नंतरचा सांगितला, पैशांसकट, कुठल्या सणाच्या आधी कमी केला ते सांगितलं, शेजारच्या तिघींनी त्या आठवड्यात कांड्या उचलल्या नाहीत ते सांगितलं, आणि तिघींची नावं. चाळीस वर्षांपूर्वीचं. मग म्हणाली, का गं, आज काय एकदम? मी सांगायला सुरुवात केली, पोलंड, बाब्ची, वही, तिने ऐकलं थोडं आणि म्हणाली, थांब, नळाला पाणी आलंय, घागरी लावते आणि मग सांग, फोन ठेवू नको.

मी फोन ठेवला नाही. पाण्याचा आवाज येत होता.